ठोकळ्यांची पोथी

गेल्या अंकांत आम्हीं पंचांगांतील मतभेदांचा विषय आरंभिला होता आणि त्याचा उत्तरार्ध या महिन्यांत देण्याचें वाचकांस कबूल केलें होतें. तो लिहून तयारहि आहे. परंतु मध्यंतरीं आमच्या घरीं एक प्रकार घडला, तो कांहीं केल्या मनांतून जाईना. सबब पंचांगाची वाट पाहणाऱ्या वाचकांची क्षमा मागून या खेपेस तोच सांगतों.

आमचें घर वळसंगास. सोलापुराहून स्वामींच्या दर्शनास अक्कलकोटीं जाणारांस हें गांव वाटेंत लागतें. घरांत चूल एक आणि पानें चौदा. बाकीचे चुलतभाऊ सोलापूर, पुणें, बेळगांव, हैदराबाद आणि अलीकडे अमेरिका येथवर पसरलेले. अशा घराण्याचा कुलवृत्तान्त व्हावा ही आमच्या वडिलांची जुनी इच्छा. गेल्या शतकांत आपल्यांतील पुष्कळ घराण्यांनीं आपापले कुलवृत्तान्त छापून काढले. ते जाडजूड ग्रंथ वाचकांपैकीं कित्येकांच्या कपाटांत असतील. त्यांचा दोष एवढाच, कीं ग्रंथ बांधून येतो न येतो तोंच घरांत एखादें बाळ जन्मास येतें, आणि पुढील आवृत्ति निघेपर्यंत तें बिचारें आजोबा होऊन बसतें.

म्हणून आमच्या धाकट्या सूनबाईनें सुचविलें, कीं ग्रंथ छापूं नये, संकेतस्थळ करावें. नवें नांव आलें कीं त्याच दिवशीं घालतां येईल. सूचना सर्वांस पटली आणि काम अर्थातच आमच्याकडे आलें. एकत्र कुटुंबांत निवृत्त मास्तर म्हणजे बिनपगारी कारकून. शिवाय घरची बाडें, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून वडिलांनीं उतरून आणलेली वंशावळ, जुनीं पत्रें हें सर्व आमच्याच पेटींत. आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत व मराठी शिकविलें. संगणकाशीं आमचा संबंध शाळेच्या निकालपत्रकांपुरता. पण सूनबाई चिकाटीची. "बाबा, तुम्हांला निबंध शिकवतां येतो ना? मग हें येईल," असें म्हणून तिनें आम्हांस तिच्या शेजारीं बसविलें.

जें साधन तिनें आमच्या हातीं दिलें त्याचें नांव वर्डप्रेस. २७ मे २००३ रोजीं मॅट मलनवेग नांवाचा अमेरिकन तरुण व माइक लिटल नांवाचा इंग्रज गृहस्थ यांनीं तें लोकांस खुलें केलें. विनामूल्य आहे, आणि आज जगांतील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळें त्यावर चालतात. त्याची मराठी आवृत्तिहि स्वयंसेवकांनीं सिद्ध केली आहे. पहिलीं पंधरा वर्षें त्यांत मजकूर लिहिण्याची जागा म्हणजे एक मोठी कोरी चौकट असे, कागद समजा. ६ डिसेंबर २०१८ रोजीं निघालेल्या पांचव्या आवृत्तींत ती चौकट जाऊन ठोकळ्यांची रीत आली. या नव्या रीतीस त्यांनीं नांव दिलें गुटेनबर्ग. पंधराव्या शतकांत माइन्ट्स शहरीं सुटे खिळे जुळवून बायबल छापणारा तोच हा योहान गुटेनबर्ग.

या लेखनयंत्रास ते लोक 'संपादक' म्हणतात. आमच्या या मासिकाच्या संपादकांनीं रागावूं नये. तो संपादक लेख उशिरां आला म्हणून पत्रें धाडीत नाहीं एवढाच त्याचा गुण.

ठोकळा म्हणजे काय, तें ज्यांनीं पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. आपण एक परिच्छेद लिहिला, कळ दाबून खालीं उतरलों, कीं तो परिच्छेद एक स्वतंत्र ठोकळा होतो आणि त्याखालीं दुसरा, रिकामा, आपली वाट पाहत राहतो. त्यांत पुन्हा परिच्छेद लिहावा. किंवा अधिकाच्या चिन्हावर बोट ठेवून सांगावें कीं येथें चित्र हवें, येथें यादी, येथें कोष्टक, येथें अवतरण, येथें शीर्षक. ठोकळा धरून वर न्यावा, खालीं न्यावा, दोन ठोकळे शेजारीं शेजारीं मांडावे. उजव्या हातास एक पट्टी उघडते, तींत त्या त्या ठोकळ्याचे रंग, आकार व इतर व्यवस्था असते. पडद्यावर जें दिसतें तेंच थोड्याबहुत फरकानें वाचणारास दिसतें.

हें पाहतांच आम्हांस चाळीस वर्षांपूर्वींचा सोलापुरांतला एक छापखाना आठवला. शाळेच्या वार्षिक अंकाचीं मुद्रितें तपासण्यास आम्ही तेथें जात असूं. तेथला जुळारी न पाहतां खणाखणांतून खिळे उचली, ओळी बांधी, दोन ओळींत शिशाची पट्टी सारी आणि छायाचित्राच्या जागीं लांकडावर बसविलेला जस्ताचा ठसा ठेवी. त्या ठशासहि तेथें 'ब्लॉक' असेंच म्हणत. एकदां आम्ही म्हटलें, "हें मुख्याध्यापकांचें मनोगत पहिल्या पानावर घ्या." जुळाऱ्यानें सबंध बांधलेला मजकूर दोरीनें आवळून अलगद उचलला आणि दुसरीकडे ठेवला, एक खिळा हलला नाहीं. ज्यांच्या सुबक संस्कृत ग्रंथांवर आमच्या पिढीनें विद्या केली, त्या निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस जें काम आरंभिलें, त्याच कुळींतली ही कारागिरी. ती आतां पडद्यावर, आणि तीहि साठी उलटलेल्या मास्तरास साधावी, याचें आम्हांस फार कौतुक वाटलें.

कौतुक वाटलें आणि तेथेंच चुकलों.

सहा महिने खपून आम्हीं पानें सजविलीं. प्रत्येक पूर्वजाच्या नांवाचा परिच्छेद लिहून तें नांव ठळक केलें, अक्षर मोठें केलें, वर शेंदरी रंग दिला. गोत्र, प्रवर, कुलदैवत यांच्याभोंवतीं वेलबुट्टीची चौकट. आणि सर्वांत मोठा मान वंशवृक्षास. वडिलांनीं बोरूनें काढलेला तो मोठा कागद सूनबाईच्या भ्रमणध्वनीनें टिपून घेतला आणि पहिल्याच पानावर चित्राच्या ठोकळ्यांत रुंदच्या रुंद बसविला. सूनबाईनें मध्यें एकदोनदां सांगून पाहिलें, "बाबा, शीर्षकाला शीर्षकाचा ठोकळा घ्या." आम्हीं म्हटलें, "दिसायला सारखेंच आहे ना?" ती गप्प राहिली. सासऱ्यास किती वेळां सांगावें, यासहि मर्यादा असते.

दिवाळीच्या पाडव्यास सर्व शाखांचीं माणसें वळसंगास जमलीं तेव्हां संकेतस्थळाचें उद्घाटन झालें. मोठ्या पडद्यावर पानें दाखविलीं. टाळ्या झाल्या, चिवडा झाला, अमेरिकेच्या चुलतभावानें आमचे फोटो काढले. आमचे थोरले बंधू, ज्यांस सर्व घर दादा म्हणतें, ते ओसरीवरच्या आरामखुर्चींत बसून होते.

दादांविषयीं दोन शब्द सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. त्यांचें वय आज चौऱ्याहत्तर. काचबिंदूनें बारा वर्षांपूर्वीं त्यांची एका डोळ्याची आणि पुढें दुसऱ्याची दृष्टि नेली. पण घराण्याची सारी वंशावळ त्यांना मुखोद्गत. वडिलांच्या कागदांत जेथें शाई उडाली होती तेथें आम्हीं दादांस विचारून नांवें भरलीं. खरें म्हटलें तर कुलवृत्तान्त त्यांचा, आम्ही लेखनिक. त्यांच्या भ्रमणध्वनीवर पडद्यावरील अक्षरें बोलून दाखविणारी टॉकबॅक नांवाची सोय आहे. तीवर ते रोज वर्तमानपत्र ऐकतात आणि आम्हांस जगाच्या बातम्या सांगतात.

रात्रीं मंडळी निजल्यावर आम्ही ओसरीवर गेलों. दादा कानाशीं यंत्र धरून बसले होते. आम्हीं विचारलें, "कसें वाटलें?"

"चांगलंच असेल. लोकांनी टाळ्या वाजवल्या की," दादा म्हणाले. मग थोड्या वेळानें, "पण मला खापरपणजोबांपाशी जायचं होतं. वर्तमानपत्रात मी बोटानं एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उडी मारतो. इथं मथळाच नाही. पहिल्यापासून सगळं ऐकत बसलो. आणि तो वंशवृक्ष आला तेव्हा हे काय म्हणालं ठाऊक आहे? 'प्रतिमा', आणि पुढं नुसते आकडे."

त्यांनीं तें आम्हांस ऐकविलें. "प्रतिमा. दोन शून्य दोन चार..." छायाचित्राच्या फाइलीस यंत्रानें आपण होऊन दिलेला तो क्रमांक. ज्या माणसाच्या स्मरणांतून तो वृक्ष उभा राहिला त्यास त्या वृक्षापैकीं एवढेंच मिळालें. दादांनीं यंत्र बंद करून खिशांत ठेवलें व ते निजावयास गेले. रागावले असते तर बरें झालें असतें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, आणि जें सुचावयास हवें होतें तें उशिरां सुचलें. आपल्या पोथ्या आठवा. हस्तलिखितांत दोन ओळींत मोकळी जागा नसे, मोठें अक्षर नसे. अध्याय संपला कीं लेखक तेथें गेरूचा किंवा हिंगुळाचा हात फिरवी. तो तांबडा रंग डोळ्यांसाठीं. पण पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. त्या पन्नासांस गेरू दिसत नसे. म्हणून अध्यायाच्या शेवटीं 'इति' असा आरंभ करून ग्रंथाचें नांव, अध्यायाचें नांव व अंक उच्चारण्याची चाल पडली. ऐकणारास कळे, कीं येथें एक प्रकरण संपलें, आतां दुसरें. आमच्या पूर्वजांनीं दोन्ही गोष्टी केल्या होत्या. आम्हीं सहा महिने नुसता गेरू फासला.

दुसऱ्या दिवशीं सूनबाईपुढें पाटी-पेन्सिल घेऊन बसावें तसे बसलों. तिनें तेव्हां आम्हांस ठोकळ्याच्या आंतलें दाखविलें. प्रत्येक ठोकळ्याच्या आरंभीं व शेवटीं यंत्रापुरती एक टीप असते. वाचणारास ती दिसत नाहीं. हा परिच्छेद, ही यादी, हें दुसऱ्या पातळीचें शीर्षक, असें त्या टिपेंत लिहिलेलें असतें, आणि त्या त्या जातीस योग्य अशी खूण पुढें पानांतहि उतरते. बोलणारें यंत्र रंग पाहत नाहीं, अक्षराचा आकार पाहत नाहीं. तें ही खूण पाहतें. आम्हीं ठळक व शेंदरी केलेला परिच्छेद त्याच्या लेखीं परिच्छेदच. पाणिनि आपल्या अगदीं पहिल्या सूत्रांत कांहीं सांगतो तर ती एक संज्ञा. हें आम्हीं किती वर्गांस शिकविलें असेल! वस्तूचें रूप निराळें आणि तिची संज्ञा निराळी. शास्त्राचा व्यवहार संज्ञेवर चालतो. ठोकळ्यांची सबंध रीत म्हणजे लेखकास विचारलेला प्रश्न आहे, कीं हें जें तूं लिहितोस तें आहे काय? आम्हीं प्रत्येक वेळीं 'परिच्छेद' असें खोटें उत्तर दिलें होतें.

मग पानें मोडून पुन्हा बांधलीं. शीर्षकांच्या सहा पातळ्या असतात. पानाचें नांव पहिली; म्हणून आंतल्या मजकुरांत दुसरीपासून आरंभ करावा. शाखेचें नांव दुसऱ्या पातळीवर, पिढी तिसऱ्या, व्यक्ति चौथ्या. मधली पातळी गाळूं नये. अक्षर लहान दिसतें म्हणून दुसरीनंतर एकदम चौथी घेणें म्हणजे अध्यायानंतर पाद न सांगतां सूत्रांक सांगणें. या संपादकांत वरच्या बाजूस पानाची रूपरेषा दाखविणारी एक सोय आहे; पातळी चुकली तर ती तेथें तसें कळविते. आमचीं पहिल्या दिवशीं अकरा ठिकाणें चुकलेलीं निघालीं. मास्तरास तांबड्या शाईचा अनुभव असतो, पण सहसा दुसऱ्या बाजूनें.

चित्रांच्या ठोकळ्यास 'पर्यायी मजकूर' म्हणून एक जागा असते. ती आम्हीं सर्वत्र कोरी ठेविली होती. तेथें चित्रांत जें आहे तें शब्दांत लिहावयाचें. बोलणारें यंत्र तें वाचून दाखवितें. आकाशवाणीवर क्रिकेटचें वर्णन करणारा जसें करतो तसें, थोडक्यांत. 'आजोबांचा फोटो' एवढें लिहून भागत नाहीं, 'पगडी घातलेले आजोबा वाड्याच्या दिंडीदरवाजांत उभे, शेजारीं काठी' असें लिहिलें तेव्हां दादा हंसले व म्हणाले, "काठी नव्हे, छत्री आहे ती. सोलापूरच्या बाजारात घेतली होती." आम्ही भिंग घेऊन पाहिलें. छत्रीच होती. वेलबुट्टीच्या नुसत्या शोभेच्या चित्रांपाशीं मात्र ती जागा बुद्ध्याच कोरी ठेवावी, म्हणजे यंत्र त्यांवरून मुकाट्यानें पुढें जातें. जागतिक जालाचे नियम करणाऱ्या मंडळानें १९९९ सालीं या विषयावर जे पहिले दंडक घालून दिले त्यांत पहिलाच दंडक चित्रास शब्दांचा पर्याय देण्याचा आहे. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाहि अशा सोयीची अपेक्षा करतो. पण खरें सांगतों, आम्हीं तें केलें तें कायद्यासाठीं नव्हे.

आणखी एक लहानशी गोष्ट. संकेतस्थळाची भाषा कोणती, हें एकदां मूळ व्यवस्थेंत सांगावें लागतें. आम्ही ती इंग्रजीच राहूं दिली होती, आणि दादांचें यंत्र मधूनच गोऱ्या साहेबाच्या जिभेनें बोलूं लागे. 'मराठी' निवडतांच तें सुधारलें. दोन मिनिटांचें काम. सहा महिने कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

वंशवृक्षाचें काम सर्वांत अवघड गेलें. चित्र काढून टाकावें असें मनांत येईना, कारण तें वडिलांचें हस्ताक्षर. शेवटीं चित्र ठेविलें, पण त्याखालीं तोच वृक्ष यादीच्या ठोकळ्यांत लिहिला. यादीच्या पोटांत यादी घालतां येते. बापाखालीं मुलगे, मुलग्याखालीं नातू. बोलणारें यंत्र आंतली यादी आली कीं तसें सांगतें, म्हणून ऐकणारास कोण कोणाचा हें कळतें. आम्ही संध्याकाळीं दादांशेजारीं बसून एकेक नांव घालीत गेलों. तिसऱ्या पिढीशीं येतांच दादांनीं थांबविलें.

"मुली कुठे आहेत?"

आम्हीं म्हटलें, वडिलांच्या कागदावर मुली नाहींत. रुंदी पुरली नसावी.

"कागदाची रुंदी पुरली नाही. याची पुरते ना?"

यादीस रुंदी लागतच नाहीं. ती खालीं वाढते. तेव्हां दादा एकेक आत्या, आजेआत्या, पणजेआत्या सांगत गेले, कोठें दिली तें सांगत गेले, आणि त्या चार संध्याकाळींत वृक्षाला सत्तेचाळीस नवीं नांवें फुटलीं. त्यांत आमची एक चुलत आजेआत्या होती. बाराव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परतली आणि साठ वर्षें या घरच्या चुलीशीं राबली. सासरच्या वंशावळींत ती नसणार, माहेरच्या कागदावर नव्हती. आमच्या घरीं आजहि जी पुरणाची मोठी तपेली वापरतात ती तिची, हें सर्वांस ठाऊक. नांव दादांखेरीज कोणास ठाऊक नव्हतें.

येथें आमची दुसरी फजीती सांगून टाकतों, म्हणजे आमच्या अंगीं एकदम शहाणपण आलें असा वाचकांचा समज होणार नाहीं. या यंत्रांत एक ठोकळा, किंवा ठोकळ्यांचा जुडगा, 'नमुना' म्हणून जपून ठेवतां येतो आणि पाहिजे त्या पानावर पुन्हा घालतां येतो. नमुने दोन प्रकारचे. एकाची प्रत घेतली कीं ती प्रत स्वतंत्र. दुसऱ्या प्रकारांत सर्व ठिकाणीं वस्तु एकच असते. एका ठिकाणीं फिरविली कीं सर्वत्र फिरते. आम्हीं गोत्र, कुलदैवत व मूळ गांव यांची चौकट या दुसऱ्या प्रकारची करून सातहि शाखांच्या पानांवर घातली. पुढें बेळगांवच्या शाखेनें कळविलें, कीं त्यांचें घर मूळ विजापुराकडलें. तेवढें त्यांच्या पानावर दुरुस्त करा. केलें. यंत्रानें जपून टाकण्यापूर्वीं कांहीं सूचना केली होती, ती आम्हीं सर्व सूचना जशा वाचतों तशी वाचली. रात्रीं पुण्याच्या चुलतभावाचा दूरध्वनि: "काय रे, आमचं मूळ गाव केव्हा बदललं?" पाठोपाठ हैदराबादचा. सकाळीं अमेरिकेचा. एका बोटाच्या चुकीनें सबंध घराणें विजापुरास हलविलें होतें.

पाणिनीयांस यांत नवल नाहीं. अष्टाध्यायींत आठ अध्याय, बत्तीस पाद व सुमारें चार हजार सूत्रें; पण ती इतकी आटोपशीर राहते याचें कारण अनुवृत्ति. एकदां उच्चारलेला शब्द पुढील सूत्रांत न उच्चारतां चालत राहतो. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादाच्या आरंभींचा एक शब्द थेट सातव्या अध्यायाच्या अखेरपर्यंत अधिकार चालवितो. त्या एका शब्दास धक्का लावा, शेंकडों सूत्रांचा अर्थ फिरेल. ज्यास अनुवृत्ति कोठवर जाते हें ठाऊक नाहीं त्यानें सूत्रास हात लावूं नये, असें आमचे गुरुजी म्हणत. आम्हीं आतां बेळगांवची चौकट नमुन्यांतून सोडवून स्वतंत्र केली आहे. तशी सोय यंत्रांत आहे. पुणेकर अद्याप आम्हांस विजापूरकर म्हणून हांक मारतात.

आतां दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ठोकळ्यांची ही रीत आली तेव्हां तिचें सर्वत्र स्वागत झालें असें नाहीं. पुष्कळांनीं जुनी कोरी चौकटच पसंत केली. लक्षावधी संकेतस्थळांवर ती जोडणी लावून अजूनहि वापरतात. मोठा आक्षेप मात्र निराळा होता. वर्डप्रेसमध्यें दिव्यांगांच्या सोयीचें काम पाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रमुख, डच बाई रिआन रीटव्हेल्ड, यांनीं ऑक्टोबर २०१८ मध्यें, म्हणजे नवी आवृत्ति निघण्याच्या दोन महिने आधीं, राजीनामा दिला. हा संपादक अशा लोकांस वापरतां येण्याजोगा झालेला नाहीं हें त्यांच्या नाराजीचें मुख्य कारण. पुढें उच्चशिक्षणसंस्थांत हें साधन वापरणाऱ्यांच्या डब्ल्यूपीकॅम्पस या मंडळानें टेनन नांवाच्या कंपनीकडून स्वतंत्र तपासणी करविली. २०१९ च्या मे महिन्यांत तिचा अहवाल निघाला आणि त्यांत दोषांची मोठी यादी होती. त्यांतले पुष्कळ दोष नंतर दुरुस्त झाले.

हें सर्व आम्हीं शोधलें तें दादांमुळें. कारण पानें नीट झाल्यावर, खापरपणजोबांपाशीं एका उडींत पोंचल्यावर, त्यांनीं विचारलें, "मला यात लिहिता येईल का?"

या प्रश्नास आमच्याजवळ सरळ उत्तर नाहीं. पुतण्यानें दादांसाठीं मेजावरच्या संगणकावर एनव्हीडीए नांवाची बोलणारी व्यवस्था बसवून दिली. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स टे या दोघां स्वतः अंध असलेल्या तरुणांनीं २००६ सालीं ती आरंभिली. तीहि विनामूल्य आहे. तीवर वाचणें दादांस आठवड्यांत आलें. कळफलकावरील एक अक्षर दाबलें कीं पुढच्या शीर्षकावर, दुसरें दाबलें कीं पुढच्या यादीवर. पण लिहिणें साधेना. ठोकळ्यांतून पट्टींत, पट्टींतून परत ठोकळ्यांत, या येरझारींत आपण कोठें आहों तें त्यांस कळेना. एकदां तर लिहिलेला परिच्छेद भलत्याच ठोकळ्याच्या पोटांत गेला. सराव असलेले अंध लेखक हें करतात, असें सूनबाई सांगते व तें खरेंच असेल. चौऱ्याहत्तराव्या वर्षीं, ज्यानें डोळे असतांना संगणक पाहिला नाहीं त्यास तें जड आहे. वाचणाराची वाट या रीतीनें सरळ झाली. लिहिणाराची व्हावयाची आहे.

तोंवर आम्हीं घरगुती तोड काढली आहे. दादा आपल्या भ्रमणध्वनींत बोलतात. तो बोललेलें मराठींत लिहून घेतो, चुका करतो, पण लिहितो. तें आमच्याकडे येतें. आम्ही शुद्धलेखन पाहून ठोकळ्यांत घालतों. प्रकरण कोठें तुटतें हें आम्हांस कळावें म्हणून दादांनीं स्वतःच एक युक्ति योजिली: विषय संपला कीं ते 'इति' म्हणतात. यंत्र तें इमानानें उतरवितें, आणि तेथें आम्ही नवा शीर्षकाचा ठोकळा घेतों. अशीं आजवर नऊ प्रकरणें झालीं. वाड्याचें बांधकाम, दुष्काळांतलें वर्ष, वडिलांची मुंज.

सध्यां ते त्या चुलत आजेआत्येविषयीं सांगत आहेत. काल रात्रीं जो मजकूर आला त्यांत तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या चटणीपर्यंत हकीकत आली आहे. शेवटीं 'इति' नव्हतें.